शहागंजला किती गुण?

‘मानसिकता’ हा मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. रस्त्यावर कचरा पडला की मानसिकता, हेल्मेट घातलं नाही की मानसिकता, आणि सरकारी सेवा ऑनलाइन आल्यावरही माणसं कागदांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली की ‘काय करणार, आपल्या लोकांची मानसिकताच तशी’. शब्द उच्चारला की चर्चा संपते. मानसिकता कोणत्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही, तिच्यासाठी निविदा निघत नाही आणि तिच्या विरोधात अपीलही करता येत नाही.

या शब्दाचा विद्यापीठात शिकलेला एक चुलतभाऊ आहे. त्याचं नाव ‘राष्ट्रीय संस्कृती’. डिजिटल सरकारी सेवा कोणत्या देशात रुजतात आणि कोणत्या देशात रखडतात, याचं उत्तर त्या त्या देशाच्या संस्कृतीत शोधणारे शोधनिबंध बरेच आहेत. बहुतेकांचा साचा सारखा असतो. एका बाजूला देशाच्या संस्कृतीचे गुण, दुसऱ्या बाजूला ई-गव्हर्नन्समधला त्याचा क्रमांक, आणि मधे संख्याशास्त्र. निघणारा निष्कर्ष ढोबळमानाने असा: ज्या समाजात लोक वरिष्ठांपुढे झुकतात आणि गोतावळ्यात राहतात, तिथे ते वेबसाइटपेक्षा ओळखीच्या माणसाकडे जाणं पसंत करतात. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरते. आमच्या क्षेत्रात हा निष्कर्ष न वाचताही सगळ्यांना पाठ असतो. एखादी सेवा लोकांनी वापरली नाही की प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर ‘जनजागृतीची गरज’ हा मुद्दा येतोच.

मला या निष्कर्षाशी भांडायचं आहे आणि त्यासाठी छत्रपती संभाजीनगरातलं शहागंज पुरेसं आहे. पण आधी गुणपत्रिका कुठून आली ते पाहू.

ती तयार केली गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने. तोही मुळात इंजिनिअर, डेल्फ्टला मेकॅनिकल शिकलेला. आयबीएम कंपनीत असताना त्याच्या हाती कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणाचा मोठा साठा लागला. १९६७ ते १९७३ या काळात वेगवेगळ्या देशांतल्या आयबीएमच्या लोकांनी भरलेल्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या होत्या त्या. त्यांवरून त्याने १९८० साली ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ हे पुस्तक लिहिलं आणि चाळीस देशांना चार विषयांत गुण दिले. पहिला विषय सत्ता-अंतर, म्हणजे वरचा आणि खालचा यांच्यातली दरी लोक किती मुकाट स्वीकारतात. दुसरा व्यक्तिवाद, तिसरा पौरुष, चौथा अनिश्चिततेची धास्ती. पुढे आणखी दोन विषय वाढले. सत्ता-अंतरात भारताला ७७ गुण आहेत, नेदरलँड्सला ३८, डेन्मार्कला १८. अनिश्चिततेच्या धास्तीत भारताला ४०. हा आकडा कमी धरला जातो. म्हणजे पुढे काय होईल याची भारतीय माणसाला फारशी फिकीर नसते. शहागंजात कोणत्याही कामाला निघालेला माणूस आधार, रेशन कार्ड, टीसी आणि लाईट बिल यांच्या तीन-तीन झेरॉक्स का बाळगतो, हे या चाळीस गुणांतून कसं समजावून घ्यायचं?

या गुणांमागचा ‘भारत’ म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर आयबीएममध्ये नोकरी करणारी, इंग्रजी शिकलेली शहरी माणसं. तो काळ असा की भारतात संगणक पाहिलेला माणूसही विरळा. १९७८मध्ये तर आयबीएमने इथला गाशाच गुंडाळला. अशा नमुन्यावरून आयबीएमच्या कर्मचाऱ्यांबद्दल काही सांगता येईल, देशाबद्दल सांगणं धाडसाचं आहे. ब्रेंडन मॅकस्वीनी या अभ्यासकाने २००२ साली ‘ह्युमन रिलेशन्स’ या नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं. त्याने मोजून सांगितलं की, पाकिस्तानातल्या पहिल्या सर्वेक्षणात ३७ कर्मचारी होते आणि दुसऱ्यात ७०. एवढ्या माणसांवर एका देशाची संस्कृती उभी केली गेली. हॉफस्टेडच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. देशाच्या सरासरीवरून एकेका माणसाबद्दल निष्कर्ष काढू नका, असं त्याने स्वतः बजावलं होतं. पण गुणपत्रिका एकदा छापली की खालची बारीक अक्षरातली सूचना कोण वाचतं?

समीकरणाची दुसरी बाजूही तपासायला हवी. ई-गव्हर्नन्सचा क्रमांक बहुतेक वेळा संयुक्त राष्ट्रांच्या दर दोन वर्षांनी येणाऱ्या अहवालातून घेतला जातो. २०१८, २०२०, २०२२ आणि २०२४ या चारही अहवालांत डेन्मार्क पहिला होता. २०२४मध्ये भारत ९७वा. हा निर्देशांक तीन घटकांचा बनतो: सरकारने ऑनलाइन काय ठेवलं आहे, दूरसंचाराच्या सोयी कशा आहेत, आणि लोक किती शिकलेले आहेत. लोक या सेवा प्रत्यक्ष वापरतात का, वापरताना अडतात का, हे त्यात मोजलेलंच नाही. शिवाय शिक्षण आणि दूरसंचार हे श्रीमंत देशांत जास्तच असणार. व्यक्तिवादाचे गुण देशाच्या संपत्तीबरोबर वाढत जातात, हे खुद्द हॉफस्टेडने नोंदवलं आहे. तेव्हा संस्कृती आणि डिजिटल सरकार यांचा जो संबंध आलेखावर सुरेख तिरक्या रेषेत दिसतो, तो बराचसा पैशाचा पैशाशी असलेला संबंध असू शकतो.

डेन्मार्कचा पहिला क्रमांकही सत्ता-अंतराच्या १८ गुणांनी आपोआप आला नाही. १ नोव्हेंबर २०१४पासून तिथे पंधरा वर्षांवरील नागरिकांना सरकारी पत्रव्यवहार डिजिटल टपालपेटीतच मिळेल, असा कायदा लागू झाला. ज्यांना खरंच जमत नाही त्यांना अर्ज करून सूट. म्हणजे लोकांनी डिजिटल सेवा ‘स्वीकारली’ त्यात कायद्याच्या सक्तीचा वाटा होता, आणि ती सक्ती पेलण्यासाठी सरकारने आधी कित्येक वर्षं पायाभूत काम केलं होतं. हे सगळं ‘डॅनिश संस्कृती’ या दोन शब्दांत कोंबलं की काम करणारेही दिसेनासे होतात आणि सक्तीही.

आता आकड्यांच्या गच्चीवरून खाली बाजारात येऊ. शहागंज म्हणजे निजामाच्या काळातला घड्याळाचा टॉवर, चमन, फळांच्या गाड्या, सुकामेवा, कपडे, आणि मराठी-दखनीची अखंड सरमिसळ. इथल्या केळीवाल्याच्या गाडीला क्यूआर कोड लटकलेला असतो. पैसे आले की छोटा डबा मोठ्या आवाजात ‘इतके रुपये प्राप्त हुए’ म्हणतो आणि गाडीवाला मान वरही न करता पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो. यूपीआय आलं एप्रिल २०१६मध्ये. ऑगस्ट २०२३मध्ये देशात एका महिन्यात झालेल्या यूपीआय व्यवहारांची संख्या पहिल्यांदाच एक हजार कोटींवर गेली. त्यासाठी कोणाला भारतीयांची मानसिकता बदलावी लागली नाही.

याच बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत दुसऱ्या प्रकारची दुकानं आहेत. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, आधार, पॅन, आणि सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. एक संगणक, एक प्रिंटर, थंबचं यंत्र, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. दिवसभर यूपीआय वाजवणारा माणूस उत्पन्नाचा दाखला काढायचा झाला की इथे येतो. त्याचा फोन तोच, इंटरनेट तेच, धर्म, भाषा, गोतावळा तोच. ‘आपले सरकार’ हे पोर्टल २०१५पासून आहे आणि घरबसल्या अर्ज करायची सोय त्यावर आहे. तरी तो इथे येतो. संस्कृती दोन्हीकडे सारखीच असेल तर ती या फरकाचं कारण कशी असेल? शाळेत प्रयोग करताना हे शिकवलेलं असतं: जी गोष्ट बदलली नाही, तिच्यामुळे निकाल बदलला असं म्हणता येत नाही.

मग बदललं काय? यूपीआयमध्ये एक रुपया पाठवून बघता येतं. पैसे जाण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. व्यवहार झाला की नाही, हे बहुधा तिथल्या तिथे कळतं, आणि अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं, कारण डबा बोलतो. देणारा आणि घेणारा, दोघांनाही काम पूर्ण व्हावं असंच वाटत असतं. सरकारी अर्जात एक रुपयाचा अर्ज करून बघायची सोय नसते. चूक झाली का, हे काही दिवसांनी कळतं, ‘त्रुटी’ या शब्दात. तोपर्यंत मुलीच्या प्रवेशाची तारीख गेलेली असू शकते किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म बंद झालेला असू शकतो. पैसे पाठवणं सोपं आणि दाखला देणं अवघड काम आहे, पडताळणी लागते, हे मान्य. पण कामाची अवघडता हीसुद्धा संस्कृती नव्हे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. डिजिटल सेवा माणूस स्वतः वापरेल की मधल्या माणसाकडे जाईल, हे मुख्यतः चुकीच्या किमतीवर ठरतं: चूक झाली तर ती किती महाग पडेल, आणि कोणाच्या खिशातून जाईल. चूक स्वस्त असेल तिथे शहागंज स्वतःच्या अंगठ्याने सगळं करतं. महाग असेल तिथे ते विमा काढतं. ऑनलाइन सेंटरवाला हा तो विमा आहे.

हा माणूस नेमकं काय विकतो? टायपिंग तर नक्कीच नव्हे. फोटो किती केबीच्या आत बसवायचा, भाडेकरूच्या पत्त्याला कोणता कागद चालतो, स्वयंघोषणापत्रावर सही कुठे राहून गेली की अर्ज परत येतो, साइट रात्री किती वाजता हलकी होते, हे तो जाणतो. नियमांचा जो भाग कुठेच लिहिलेला नाही, तो त्याच्या डोक्यात आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर तो चालतं-बोलतं डॉक्युमेंटेशन आहे. दुसरं, अर्ज परत आला तर त्याच्या दुकानात जाऊन भांडता येतं. पोर्टलशी भांडायचं कसं? तिसरं, सरकारी मराठी आणि त्रुटीची इंग्रजी या दोन्ही भाषांचा तो दखनीत अनुवाद करतो.

त्याला हिरो करायचं कारण नाही. अनेकदा अर्जात गिऱ्हाइकाऐवजी त्याचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो, पासवर्ड त्याच्या वहीत असतो, ओटीपी त्याला मोठ्याने वाचून दाखवला जातो, आणि घाई ओळखून तो दर वाढवतो. पण त्याचं असणं ही भारतीय समूहवादाची खूण आहे, असं म्हणणाऱ्याने एकदा अमेरिकेकडे पाहावं. हॉफस्टेडच्या यादीत व्यक्तिवादात सगळ्यात जास्त, ९१ गुण अमेरिकेला आहेत. तिथे आयकर विवरणपत्रं भरून देणाऱ्या पगारी माणसांचा प्रचंड धंदा आहे. वैयक्तिक विवरणपत्रांपैकी सुमारे निम्मी असे लोक भरून देतात. स्पेनमध्ये सरकारी कागदपत्रं करून देणाऱ्यांची ‘हेस्तोरिया’ नावाची जुनी दुकानं आहेत. अमेरिकन माणूस सरकारी फॉर्मला घाबरून पैसे देऊन तो भरून घेतो, तेव्हा आपण म्हणतो, तिथली करव्यवस्था किचकट आहे. शहागंजातला माणूस तेच करतो तेव्हा आपण म्हणतो, मानसिकता.

चुकीची किंमत कशी चढते, याचं सगळ्यात साधं उदाहरण नावाचं आहे. मराठवाड्यातल्या कागदपत्रांत मुस्लिम पुरुषाचं नाव बऱ्याचदा ‘शेख अमुक शेख तमुक’ असं असतं: आधी स्वतःचं, मग वडिलांचं, आणि दोन्हींच्या आधी शेख. आता हे नाव पहिलं, मधलं आणि आडनाव अशा तीन चौकटींत बसवा. टीसीवर एक क्रम, आधारवर दुसरा, पॅनवर तिसरा. त्यात रोमन लिपीत शेखची स्पेलिंग तीन-चार प्रकारची. बायकांच्या बाबतीत टीसीवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, आणि नावापुढचं ‘बी’ किंवा ‘बेगम’ एका कागदावर आहे, दुसऱ्यावर गळालेलं आहे. हा केवळ मुस्लिमांचा प्रश्न नाही. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत ‘डीएन’ने सुरू होतं की ‘जी’ने, यावर कित्येक अर्ज अडत असतील. माणूस एक, कागद चार, आणि संगणकाच्या दृष्टीने माणसंही चार. मग सल्ला मिळतो: ‘गॅझेट करून घ्या.’ म्हणजे आपलं नाव आपलंच आहे, हे राजपत्रात छापून आणा.

दोन शब्द एकमेकांपासून किती अक्षरं लांब आहेत हे मोजायची रीत व्लादिमिर लेव्हनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडली. कॉलेजात ती सगळे शिकतात. लिहायला वीसेक ओळी लागतात. थोडा फरक असेल तर अर्ज पुढे जाऊ द्या आणि शंका आली तर माणसाला दाखवा, असा नियम करता येतो. त्यात धोका आहेच. एकाचा दाखला दुसऱ्याला जाऊ शकतो. पण किती फरक चालवून घ्यायचा हा आकडा कोणीतरी टेबलावर बसून ठरवतो. तो शून्य ठेवला की यंत्रणा निर्धास्त होते आणि सगळा धोका अर्जदाराच्या गळ्यात पडतो. हा निर्णय प्रशासनाचा आहे. त्याचे परिणाम दिसू लागले की त्यांना संस्कृती म्हटलं जातं.

मग संस्कृती म्हणून काही नसतंच का? असते. कागदावरचा शहागंजचा जीव हा माझ्या कल्पनेचा खेळ नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला जुना दाखला इथे दागिन्यासारखा ठेवतात. पण ही सवय राष्ट्राच्या स्वभावातून उगवलेली नाही, तिला इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हे शहर निजामाच्या राज्यात होतं. मग हैदराबाद राज्य. १९५६मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य. १९६०मध्ये महाराष्ट्र. बारा वर्षांत कारभाराचं केंद्र हैदराबादहून मुंबईला गेलं आणि दप्तराची भाषा उर्दूची मराठी झाली. ज्यांचे आजोबा उर्दूत सही करत, त्यांच्या नातवाला जमिनीचा कागद वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो. २०२३मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचंही नाव बदललं. आता एका घरात काही कागद औरंगाबादचे आणि काही छत्रपती संभाजीनगरचे आहेत. दप्तर एवढ्यांदा बदललेलं पाहिलेल्या माणसाने मूळ प्रत जपून ठेवणं हा शहाणपणा आहे.

त्याला अलीकडचा पुरावाही आहे. २०२३मध्ये मराठा आंदोलनानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांची एकाएकी शोधाशोध झाली. पुढे २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटियरबाबतचा शासन निर्णय निघाला. या मागण्यांबद्दल कोणाचं मत काहीही असो, त्यातून गावोगाव एक धडा सगळ्यांना मिळाला: शंभर वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने लिहिलेली एक ओळ आज तुमच्या मुलाचा प्रवेश आणि नोकरी ठरवू शकते. हा धडा सरकारनेच शिकवला आहे. आता तेच सरकार म्हणतं, कागद कशाला, सगळं ऑनलाइन आहे ना!

आणि संस्कृती शोधायचीच असेल तर ती खिडकीच्या फक्त बाहेरच्या बाजूला का शोधायची? डिजिलॉकरमधला दाखला मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानावा, अशी तरतूद २०१७पासून नियमांत आहे. खिडकीच्या आतला माणूस तरीही ‘झेरॉक्स आणा, त्यावर सही करा’ म्हणतो, कारण उद्या तपासणी आली तर त्याच्याकडे फाइलमध्ये कागद हवा. चूक महाग पडेल ही भीती त्यालाही आहे, आणि तोही आपला विमा काढतोय. फक्त त्याचा हप्ता तुम्ही भरता. अर्जदाराच्या सत्ता-अंतरावर निबंध लिहिले जातात. कार्यालयाच्या अनिश्चिततेच्या धास्तीवर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

पोर्टललाही मजकूर म्हणून वाचायला हवं, कारण ती कोणीतरी लिहिलेली गोष्ट असते आणि तिच्यात गृहीत धरलेली पात्रं असतात. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना हे त्याचं ताजं उदाहरण. जुलै २०२४मध्ये अर्ज सुरू झाले. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना महिना १,५०० रुपये. ‘नारीशक्ती दूत’ नावाचं अॅप काढलं, आणि त्याच्या जोडीला अंगणवाडी सेविका, मदतनीस, सेतू केंद्रं यांना फॉर्म भरायला लावलं. एका अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता जाहीर केला. काही महिन्यांत दोन कोटींहून जास्त अर्ज आले. डिजिटल सेवा स्वीकारण्याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात क्वचितच सापडेल. संस्कृती आडवी आली नाही. कारण मधला माणूस सरकारने स्वतःच नेमला होता, त्याला मेहनताना ठरवला होता, आणि अर्ज अडू नये ही त्या घटकेला सरकारचीही गरज होती.

सप्टेंबर २०२५मध्ये याच योजनेत ई-केवायसी आली. आता गरज उलटी होती. नावं गाळायची होती. बाईच्या स्वतःच्या आधारचा ओटीपी पुरेसा नव्हता. त्यानंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपीही द्यायचा. या चौकटीने एक बाई गृहीत धरली आहे: जिचा नवरा किंवा बाप हयात आहे, तिच्याशी बोलतो, त्याचा मोबाइल आधारला जोडलेला आहे आणि तो ओटीपी सांगायला तयार आहे. विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या बायका या चौकटीत नव्हत्या. बोंब झाल्यावर मुदत वाढली आणि ज्यांचे पती-वडील हयात नाहीत किंवा घटस्फोट झाला आहे, त्यांना आपलं केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायची मुभा मिळाली. पण ज्यांना नवऱ्याने नुसतं सोडून दिलं आहे, त्यांच्याकडे कोणता कागद असतो? उत्पन्न कुटुंबाचं मोजायचं म्हणून पुरुषाचा आधार हवा, हे कारण समजू शकतं. तरी त्याच्या संमतीशिवाय बाईला पुढे जाता येऊ नये, हे कोडमध्ये उतरवलेलं घराणं आहे. शहागंजातली एखादी बाई या पायरीवर अडून सेंटरवाल्याकडे जाते, तेव्हा पुरुषप्रधान संस्कृती तिच्यात शोधायची की त्या ओटीपीच्या चौकटीत?

चुकीची किंमत आपल्याकडेच नागरिकावर ढकलली जाते, असंही समजू नये. हॉफस्टेडच्या स्वतःच्या देशात, सत्ता-अंतर फक्त ३८ असलेल्या नेदरलँड्समध्ये, पाळणाघराच्या अनुदानाचं प्रकरण घडलं. सही राहिली, कागद राहिला अशा किरकोळ चुकांवरून कर खात्याने हजारो कुटुंबांना फसवणारे ठरवलं आणि सगळं अनुदान परत मागितलं. धोका ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतीत परदेशी राष्ट्रीयत्व ही संशयाची खूण धरली जात होती. कुटुंबं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१मध्ये या प्रकरणावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ‘डच मानसिकता’ असं कोणी म्हटलं नाही. संसदीय समितीने चौकशी केली, नियम कोणी केले आणि कोणी डोळेझाक केली ते विचारलं. आपल्याकडच्या अर्जदारालाही तेवढाच हक्क आहे: त्याच्या अडचणीचं कारण त्याच्या स्वभावात शोधण्याआधी नियमात शोधलं जावं.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५पासून आहे. सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर प्रथम अपील, द्वितीय अपील आणि मग सेवा हक्क आयोग. कागदावर उत्तम. फक्त मुदतीचं घड्याळ परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून चालू होतं, आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरवणारा अर्ज घेणाराच असतो. ‘त्रुटी’ लिहून परत पाठवला की घड्याळ पुन्हा शून्यावर. किती अर्ज मुदतीत निकाली निघाले याची टक्केवारी अभिमानाने सांगितली जाते. मला दुसरा आकडा हवा आहे: तालुकानिहाय किती अर्ज परत गेले, कोणत्या कारणाने, त्यातले किती नावाच्या अक्षरांवरून, आणि परत गेलेल्यांपैकी किती पुन्हा आलेच नाहीत. हा सगळा डेटा सर्व्हरवर असणार, कारण प्रत्येक ‘त्रुटी’ कोणीतरी बटण दाबून नोंदवलेली असते. तो बाहेर काढायला एक साधी क्वेरी लागेल.

ते आकडे समोर आले तर कदाचित कुठेतरी संस्कृतीही सापडेल. बायका पुरुषांपेक्षा कमी अर्ज का करतात, कोणत्या मोहल्ल्यातून मराठी फॉर्म जास्त चुकतात, अशा खऱ्या प्रश्नांना तेव्हा तोंड फुटेल आणि मी ती उत्तरं आनंदाने वाचेन. तोवर शहागंजच्या केळीवाल्याला सत्ता-अंतरात ७७ गुण द्यायची घाई नको. त्याचा अर्ज परत आला तेव्हा ‘त्रुटी’ या शब्दापुढे काय लिहिलं होतं, ते आधी वाचू. काहीच लिहिलेलं नसेल, तर कोणाचे गुण कापायचे ते उघड आहे.